भाऊजी, मला मोर्स का शिकवलंत?

भाऊजी,

तुमच्या तेराव्याला आलेल्या एकूण एक माणसानं मला सांगितलं की तुम्ही फार अबोल होता. कारखान्यातले तुमचे फोरमन म्हणाले, शेजारच्या पुट्टम्मा म्हणाल्या, आणि चिकपेटेहून आलेले आमचे काका तर डोळे पुसत म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावईबापू माझ्याशी सलग दोन वाक्यं बोलल्याचं आठवत नाही." मी पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, मेहुणीला हुंदका आला. अक्काला मात्र बरोबर कळलं. तिनं मला कोपरानं ढोसलं.

तुम्ही आणि अबोल? ब्राझीलच्या एका दंतवैद्याला तुमच्या गुडघेदुखीची सगळी हकिगत ठाऊक होती. न्यूझीलंडमधल्या एका मेंढपाळाला आपल्या बंगळुरातल्या मल्लेश्वरमचं हवामान इथल्या वर्तमानपत्राच्या आधी कळत होतं. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलायचा, आणि मी किती बोलते हे विचारायला फार लांब जायला नको. फरक एवढाच, की मी तोंडानं बोलते आणि तुम्ही उजव्या हाताच्या दोन बोटांनी बोलायचा.

आपली भांडणं पुष्कळ झाली आणि बहुतेक मीच जिंकले, कारण तुम्ही मधेच उठून जायचा. पण एक राहिलं. मला मोर्स का शिकवलंत? मला रेडिओचा परवाना मिळावा म्हणून, की पुढं तुमचे कान जाणार हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं म्हणून? तुम्हाला वाटेल, आता काय फरक पडतो. मला पडतो. मी जन्मभर लोकांना गोष्टी सांगत आले, आणि माझा सगळ्यात आवडता श्रोता तुम्ही होता. त्या श्रोत्याला माझं ऐकायचं होतं, की भिडेखातर तो नुसता बसून राहत होता, एवढं मला कळायला हवं. तुम्ही असताना विचारायचं धाडस झालं नाही. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर?

चौपन्न-पंचावन्न साल असेल. मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची आणि दर वर्षी संमेलनात नाटक बसवायची, म्हणजे आजही तेच करते. रविवारी चिकपेटेतून तुमच्याकडे जेवायला यायची. तुमची ती न्हाणीघराशेजारची खोली, लढाईनंतर मोडीत निघालेल्या लष्करी सामानातून जमवलेली यंत्रं, आणि नारळाच्या झाडापासून गच्चीपर्यंत ताणलेली एरियलची तार. पुट्टम्मांनी एकदा त्या तारेवर लुगडं वाळत घातलं, तेव्हा तुम्ही दोन दिवस ऑस्ट्रेलिया ऐकू का येत नाही म्हणून यंत्र उसकत बसला होता.

त्या खोलीत एका खोक्यात, फडक्यात गुंडाळलेला मायक्रोफोन मला सापडला. मी तो हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "सांगा भाऊजी, कुणाशी बोलू?"

लहान पोराच्या हातून कात्री काढून घ्यावी तसा तुम्ही तो काढून घेतलात.

"आधी परवाना. परवान्याला मोर्सची परीक्षा."

"मोर्स कशाला? देवानं मला गळा दिलाय."

"गळा सगळ्यांना दिलाय," तुम्ही म्हणालात. "तीच तर पंचाईत आहे."

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगून टाकते. तुम्ही तोवर तपकीर ओढा. सरकारी परवाना काढायचा, घरी जुळवलेल्या यंत्रावरून जगातल्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या, असा हा छंद. त्या गप्पा तोंडानं मारता येतात, नाही तर मोर्सनं. मोर्स म्हणजे तारऑफिसात चालतं ते, आखूड आणि लांब आवाजांनी केलेली इंग्रजी अक्षरं. आखूड आवाजाला तुम्ही 'दिट' म्हणायचा आणि लांब आवाजाला 'दा'. ह्या मंडळींचे शिष्टाचारही खास. पुरुष कितीही कोवळा असो, तो 'म्हातारबुवा'. बाई ऐंशीची असो, ती 'तरुणी'. आणि लग्नाच्या बायकोला म्हणायचं 'माजी तरुणी'. तुम्ही हे अक्काला मोठ्या कौतुकानं सांगायला गेलात. तिनं हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि सांगितलं, त्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही आणि त्या यंत्राला बोट लावणार नाही. अक्काचा शब्द म्हणजे शब्द. खोली झाडायलासुद्धा ती कधी आली नाही. खोलीवरून ते दिसतच होतं.

एका रविवारी दुपारी तुम्ही मला हेडफोन दिलात. कुणी तरी माणूस इंग्रजीत बोलत होता. कढईत भजी तळत असावीत तसा चुरचुराट, आणि त्यात तो बिचारा बुडत चाललेला. शंभर वेळा स्वतःचं नाव सांगत होता आणि नाव काही कळत नव्हतं. तुम्ही बटण जरासं फिरवलंत. त्याच चुरचुराटात सुईएवढी एक शीळ. तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि लिहीत गेलात: माणसाचं नाव, टास्मानियातलं गाव, तब्येत बरी आहे, बायकोनं आज जाम केला आहे.

"ह्याच्या यंत्राला किती ताकद आहे ठाऊक आहे? आपल्या देवघरातल्या बल्बाएवढी," तुम्ही म्हणालात. "तो आधीचा ओरडत होता त्याची ह्याच्या दहापट."

"पण एवढं कमीच बोलायचं, तर बोलायचं तरी कशाला?"

"कमी बोलला म्हणून पोचला."

हे भांडण आपण पुढं चौदा वर्षं चालवलं. मी म्हणायची, आवाजात माणूस असतो, हसणं असतं, पडणारा-चढणारा सूर असतो. तुमच्या दिट-दामध्ये काय आहे? तुम्ही म्हणायचा, आवाज जिथं मरतो तिथून पुढं मोर्स चालू होतं. मला ते यंत्राबद्दलचं बोलणं वाटायचं.

तर मी मोर्स शिकायला घेतलं, आणि माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरणीनंच करावी अशी चूक केली. दिट म्हणजे लघु आणि दा म्हणजे गुरू, हे मला पहिल्याच दिवशी सुचलं. मग काय, यमाताराजभानसलगा हाताशी होतंच. लघु-गुरु-गुरु, म्हणजे य गण, म्हणजे डब्ल्यू. तीन गुरू म्हणजे म गण, तो ओ. तीन लघू तो न गण, म्हणजे एस. तीन आवाजांची आठ अक्षरं आणि गणही आठच, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मला तर वाटलं, हा मोर्स गेल्या जन्मी आपल्याकडे पिंगलशास्त्र शिकला असणार. मी भला मोठा तक्ता केला, लाल-निळ्या शाईत, कडेला वेलबुट्टी काढून. तुम्ही तो पाहिलात आणि एवढंच म्हणालात, "देखणा आहे."

परीक्षेला परीक्षकांनी यंत्र सुरू केलं. मिनिटाला बारा शब्द. पहिलं अक्षर आलं. मी डाव्या हाताच्या बोटांवर लघु-गुरू मोजले, गण लावला, गणावरून अक्षर लावलं आणि मोठ्या दिमाखात लिहिलं. तोवर पुढची पाच अक्षरं निघून गेली होती. वेळ संपली तेव्हा माझ्या कागदावर एका ओळीएवढीही अक्षरं नव्हती, पण जी होती ती सगळी वृत्तात बरोबर होती. परीक्षक भला माणूस. तो म्हणाला, "अम्मा, पुढच्या खेपेला या. आणि येताना बोटं मोजू नका."

बसमधून परत येताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. मी रडत होते आणि रडताना बोलतही होते. मल्लेश्वरमला उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "शारदे, तू दारावरची थाप ऐकून आत कोण येतंय ते ओळखतेस ना? थापा मोजतेस का?" तक्ता तुम्ही काढून घेतलात. अक्कानं तो लोणच्याच्या बरण्यांखाली घातला.

पुढच्या रविवारी बघते, तर सरावाचा बझर खोलीतून बाहेर आलेला. लाकडी फळी, टॉर्चचे दोन सेल, आणि 'की', म्हणजे मोर्स वाजवायची दांडी. तुम्ही तो स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर मांडला होता. "आत खोलीत तुला उकडेल," असं म्हणालात. मला किती बरं वाटलं. नापास मेहुणीची एवढी काळजी.

मग दीड वर्ष दर रविवारी ते चाललं. कागद नाही, पेन्सिल नाही, मोजायचं नाही. तुम्ही एक अक्षर वाजवायचा, पुन्हा पुन्हा वाजवायचा, आणि ते अक्षर अख्खं, एकाच घोटात, ऐकायला सांगायचा. सी वाजवलात की 'दादिट-दादिट', जणू एखादी म्हातारी लंगडत जिना उतरते आहे. क्यू म्हणजे दोन पायऱ्या दमानं, एक झटकन, पुन्हा एक दमानं. मी प्रत्येक अक्षराला चाल आणि चेहरा देऊन टाकला, आणि मग मोर्स मला नाटकातल्या पात्रांसारखं दिसायला लागलं. तरी दोन पात्रांत माझा घोळ व्हायचाच. तुम्ही वाजवायचा, मी छाती पुढं काढून सांगायची, "एफ." तुम्ही पुन्हा वाजवायचा, मी पुन्हा, "एफ."

एकदा आतून अक्काचा आवाज आला. "एल आहे गं तो. स्वल्प नीट ऐक की."

आपण दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. अक्का फोडणीत हिंग घालत होती, तिची पाठ होती आपल्याकडे. तुम्ही लगेच नजर वळवलीत आणि पुढचं अक्षर वाजवलंत. मी मनात म्हटलं, लग्न झाल्यापासून भिंतीपलीकडून ऐकते आहे, कानावर पडलं असेल.

मी पास झाले. तेहतिसाव्या-चौतिसाव्या वर्षी मी जगाची तरुणी झाले. आज सेहेचाळीस पूर्ण होत आले तरी अजून आहे. मायक्रोफोनही मिळाला. पण खरं सांगू, त्यावर माझं मन फार दिवस रमलं नाही. मोर्सवर भेटलेली माणसं लक्षात राहिली. दोन ओळींत माणूस कसला आहे ते कळतं. हे मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आता करते.

आणि मग ती राजाची मिशी.

ही माझी सर्वांत गाजलेली गोष्ट. आमच्या शाळेच्या नाटकात भर दरबारात राजाची मिशी गळून प्रधानाच्या हातातल्या विड्याच्या तबकात पडली, आणि प्रधान झालेल्या पोरीनं तबक तसंच पुढं करून सांगितलं, "महाराज, आपलं काही तरी विसरलं." सांगायला मला वीस मिनिटं लागतात, कारण मी राजा, प्रधान, मिशी आणि हेडमास्तरीणबाई अशा चारही भूमिका करते. ती मी तुमच्याकडे पाहुण्यांसमोर सांगत होते. सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण एका क्षणानं उशिरा. आधी अक्काकडे पाहिलंत, ती हसली, मग तुम्ही हसलात.

गोष्ट सांगणाऱ्या माणसाला बाकी काही कळत नसेल, पण हसू उशिरा आलेलं कळतं. पुढच्या रविवारी मी एक चावटपणा केला. अक्का मागच्या अंगणात होती. मी तुमच्यासमोर बसले, चेहरा खुलवला, हात नाचवले, आणि मिशीची गोष्ट सांगावी तशाच थाटात म्हणाले, "भाऊजी, माझी नोकरी गेली. डॉक्टर म्हणतात, मी फार तर वर्षभर काढेन."

तुम्ही मांडीवर थाप मारून खळखळून हसलात.

त्या वेळी मला काय वाटलं ते मला आजही सांगता येत नाही. कारखान्यात पत्र्यांवर रिव्हेट ठोकण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली, कान त्यातच गेले, हे पुढं कळलं. माणसाचं बोलणं आधी जातं, म्हणे. खालचे सूर मागं राहतात. रेडिओवरची मोर्सची शीळ बटण फिरवून खर्जात आणता येते, जिथं तुमचा कान अजून शिल्लक होता तिथवर. मेहुणीचा आवाज तसा आणता येत नाही. म्हणून टास्मानियातला जामवाला तुम्हाला ऐकू येत होता आणि समोर बसलेली मी येत नव्हते. किती रविवार तुम्ही माझ्या नुसत्या हातवाऱ्यांना दाद देत होता?

मी तुमचा हात ओढून घेतला, बाही वर केली आणि दंडावर बोटानं वाजवलं. आखूड टेकवलं की दिट, दाबून धरलं की दा. मराठी शब्द, इंग्रजी अक्षरं. 'केव्हापासून?'

तुम्ही आधी माझ्या बोटाकडे पाहिलंत. मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, शेजारच्या गल्लीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात, "तुझा हात जड आहे."

त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. मी पुन्हा पहिल्यापासून सगळ्या गोष्टी सांगितल्या, तुमच्या दंडावर. आणि तुमच्यासारखा खाष्ट श्रोता मला दुसरा मिळाला नाही. जरा पाल्हाळ लावलं की म्हणायचा, "पुढं." विशेषण आलं की हात काढून घ्यायचा. वीस मिनिटांची मिशी तीन ओळींत आली: मिशी पडली. तबकात. प्रधान म्हणाला, घ्या. आणि तुम्ही हसलात, भाऊजी. अक्काकडे न बघता, 'घ्या'मधलं शेवटचं अक्षर पुरं व्हायच्या आत. तेवढ्यासाठी मी उरलेल्या एकोणीस मिनिटांवर पाणी सोडलं. कमी बोलून पोचता येतं हे मला पटलं होतं. पण कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि भांडणाशिवाय रविवारी मी करायचं काय?

काल दुपारी मी अक्काकडे गेले. पाहुणे पांगले होते. ती शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. तेरा दिवसांत ती कुणाशी धड बोललेली नव्हती. लोकांनी सांत्वन केलं की "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, एवढंच म्हणायची आणि आत जायची. मी म्हटलं, तुम्हाला विचारायचं राहिलं ते हिला विचारावं.

"अक्का, भाऊजींनी मला मोर्स का शिकवलं गं?"

शेंगेची शीर ओढता ओढता ती थांबली. "तुला कुठं शिकवलं?"

"म्हणजे?"

"तू नापास झालीस ना, त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, आता हे वाढतच जाणार. मला बोलले नाहीत. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात होती, धुवायला घेताना मी वाचली. मीही बोलले नाही. मग रविवारी बघते, तर तो बझर माझ्या दारात."

"मला आत उकडेल म्हणून…"

"डिसेंबरात?" अक्का म्हणाली. "बंगळुरात?"

तिनं पुढची शेंग उचलली.

"मी शपथ घेऊन बसलेली. समोर बसवून शिकवायला आले असते तर मी उठून गेले असते, हे त्यांना माहीत नव्हतं होय? म्हणून तुला बसवलं. आणि तू अशी मठ्ठ, एकेक अक्षर शंभर-शंभर वेळा. माझं आयतं पाठ झालं."

"मग तुम्ही दोघं…"

"रोज. ते जेवायला बसले की मी पाठीवर वाजवायची. रविवारी मात्र बंद ठेवायचो. तू यायचीस, तुला वाटायचं तूच एकटी बोलतेस त्यांच्याशी. राहू दे म्हणायचे ते, तिला तेवढाच आनंद."

बघा, म्हणजे मी दीड वर्ष ग्रामोफोनची तबकडी होते. घरातल्या दुसऱ्याच माणसाला शिकवण्यासाठी लावलेली, आणि तीही खरखरणारी. मला राग यायला हवा होता. मी हसत सुटले, आणि मग हसू थांबलं तरी डोळे थांबेनात. अक्काला विचारलं, "मग माझ्या गोष्टींचं काय? त्या नुसत्या सोसल्या त्यांनी?"

"सुम्ने बस," अक्का म्हणाली, म्हणजे गप्प बस. "रविवारी आठ वाजल्यापासून बाही वर सारून बसायचे. तू येणार अकराला. मी म्हणायची, अहो, गारठा आहे. तर म्हणायचे, असू दे."

मग तिनं शेंगांची परात बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि माझा हात मांडीवर ओढून घेतला. तेरा दिवस तिच्या बोटांना बोलायला पाठ नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं वाजवायला सुरुवात केली. हात हलका आहे तिचा, आणि माझ्याहून कितीतरी जलद.

पाऊण तास ती बोलत होती. तुम्ही गेलात त्या सकाळचं सगळं सांगितलं, चहा तसाच राहिला तिथपासून. तोंडानं तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. भाऊजी, मी मध्ये एकदाही बोलले नाही. आणि एक अक्षरही सुटलं नाही.